आईसाठी आखलेला बुसानचा आठवडा

कोरियाला जायचं ठरलं ते भाचीमुळे, आणि बुसानला जायचं ठरलं ते आईमुळे.

भाची कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. कोरियन मालिका बघत बघत तिने स्वतःच्या स्वतः ती लिपी शिकून घेतली होती. तिला सोल हवं होतं. आई एकोणसत्तर वर्षांची, साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवलेली. तिला मी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अगं, ती अयोध्येची राजकन्या जहाजातून गेली म्हणतात, ते गाव कुठे आहे ते बघ." ते गाव म्हणजे गिम्हे. नकाशात शोधलं तर बुसानला अगदी चिकटून. बुसानचा विमानतळच गिम्हे नावाचा. तिथून आमची आखणी सुरू झाली.

आधी एका प्रवास कंपनीचा आराखडा मागवला होता. सहा दिवसांत सोल, एक बेट, मग जेजू, मग बुसान अर्धा दिवस, पुन्हा सोल. रोज पहाटे सहाला सामान खोलीबाहेर. आईचा उजवा गुडघा दुखरा आहे, सलग जिने उतरताना त्रास होतो. तो कागद वाचून तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "यात बघायचं कधी?" मग आम्ही ठरवलं की सात दिवस एकच शहर, एकच खोली, आणि तिथून सकाळी निघून रात्री परत. सोल पुन्हा कधीतरी.

बुसान हे कोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, वस्ती तेहतीस लाखांच्या आसपास. पण मुंबईसारखं किंवा पुण्यासारखं पसरलेलं नाही. डोंगरांच्या सोंडा थेट समुद्रापर्यंत आल्यात आणि त्यांच्यामधल्या घळींत शहर बसलंय. त्यामुळे नकाशावर दोन बोटं अंतर दिसणारी ठिकाणं प्रत्यक्षात डोंगराला वळसा घालून पाऊण तासावर असतात. हे मला पहिल्या यादीनंतर कळलं. पहिली यादी मी सगळेच करतात तशी केली होती: बघण्याची अठ्ठावीस ठिकाणं, भागिले सात. रोज चार. कागदावर छान दिसत होतं.

ती यादी मोडली भाचीने. तिने मेट्रोचा नकाशा छापून आणला आणि प्रत्येक ठिकाण जवळच्या स्टेशनावर लिहीत गेली. नारिंगी रंगाची १ नंबरची लाइन उत्तरेकडून दक्षिणेकडे येते, हिरवी २ नंबरची पूर्वेकडच्या किनाऱ्याकडून पश्चिमेला जाते, आणि दोन्ही एकमेकींना भेटतात सॉम्यॉन स्टेशनवर. अर्ध्या तासात दिसायला लागलं की ठिकाणं आपोआप गठ्ठ्यांनी बसतात. जुनं बंदर, बाजार, युद्धकाळच्या वस्त्या हे सगळं १ नंबरच्या दक्षिण टोकाकडे. देवळांकडे आणि ग्यॉंगजू या जुन्या राजधानीच्या गावाकडे जाणाऱ्या बस त्याच लाइनच्या उत्तर टोकाला, नोपो स्टेशनला. समुद्रकिनारे २ नंबरवर पूर्वेला. गिम्हेची छोटी गाडी २ नंबरच्या पश्चिमेला, सासांग स्टेशनहून. मग मुक्काम कुठे हा प्रश्नच उरला नाही. बहुतेक लोक हेउन्देच्या किनाऱ्यावर राहतात, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून. आम्ही सॉम्यॉन घेतलं. खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसायचे, पण रोजचा तासभर वाचला आणि आईचे गाडी बदलण्याचे जिने वाचले.

खोली घेताना एक गोष्ट बारकाईने बघावी लागली. कोरियात जमिनीखालून ऊब देणाऱ्या खोल्या असतात, ओन्दोल म्हणतात त्याला, आणि त्यात जमिनीवर गादी घालून झोपतात. फोटोत फार सुंदर दिसतं. पण गुडघेदुखीच्या माणसाला पहाटे जमिनीवरून उठणं म्हणजे शिक्षा. आम्ही पलंगाची खोली मुद्दाम मागून घेतली.

कधी जायचं

जूनच्या अखेरीपासून जुलैभर तिथला पावसाळा असतो, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं येऊ शकतात. मार्चच्या शेवटी, एप्रिलच्या सुरुवातीला चेरीची फुलं, पण तेव्हा भाचीची परीक्षा. राहिला ऑक्टोबर. त्यात छुसॉक सांभाळायचा. हा त्यांचा पितरांना आठवण्याचा आणि सुगीचा मोठा सण, चांद्र तिथीने येतो म्हणून दरवर्षी तारीख सरकते. त्या दिवसांत अर्धा देश गावाकडे निघतो, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, लहान दुकानं बंद. आमच्याकडे गणपतीत कोकणची गाडी मिळवणं जसं, तसंच. आम्ही छुसॉकनंतर आणि दिवाळीच्या आधी असा ऑक्टोबरचा तिसरा-चौथा आठवडा धरला. वसुबारसेला घरी, ही आईची अट होती.

व्हिसासाठी इतर कागदांबरोबर प्रवासाचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा लागतोच, ऑनलाइन परवानगीवर काम भागत नाही. बँकेचे उतारे, आयकराचे कागद, राहण्याचं ठिकाण, रोज कुठे जाणार. बरेच जण हा कार्यक्रम कुठूनतरी उतरवून देतात. मी म्हटलं, करायचाच आहे तर खरा करू. त्या एका कागदामुळे आमची आखणी दीड महिना आधी पूर्ण झाली. तो भरताना आठवड्याचे वार पहिल्यांदा आमच्या डोळ्यांसमोर आले.

आणि वार फार महत्त्वाचे निघाले. बुसानच्या बऱ्याचशा संग्रहालयांना सोमवारी सुट्टी. चागाल्छी मासळीबाजाराच्या मोठ्या इमारतीला पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी. यॉंगदोचा पूल फक्त शनिवारी दुपारी दोनला उचलला जातो. ग्वांगाल्लीच्या किनाऱ्यावर ड्रोनचे दिवे आकाशात उडवतात तेही शनिवारी संध्याकाळी. ग्यॉंगजूत शनिवार-रविवारी इतकी गर्दी की राहण्याचे दर वाढतात. एवढ्या खुंट्या ठोकल्यावर मधली दोरी आपोआप ताणली गेली: शुक्रवारी पोचायचं, शनिवार बंदराचा, सोमवार-मंगळवार ग्यॉंगजू, आणि परतीच्या शुक्रवारी गिम्हे, कारण ते विमानतळाच्याच गाडीवर आहे.

विमान शोधताना एक सावधानता. गिम्हे बुसानचा विमानतळ, गिम्पो सोलचा. रोमन लिपीत दोन्ही नावं इतकी सारखी दिसतात की मी एकदा चुकीच्या शहराचं तिकीट जवळजवळ काढलंच होतं. भारतातून बुसानला थेट विमान नाही. सोलला उतरून वेगवान रेल्वेने अडीच तासांत येता येतं किंवा मध्ये आशियातल्या दुसऱ्या शहरात विमान बदलून थेट गिम्हेला. आम्ही दुसरा मार्ग घेतला.

लिपी

हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. नेहमीचा गुगलचा नकाशा कोरियात पायी चालायचा रस्ता नीट दाखवत नाही. तिथला तपशीलवार नकाशा परदेशी कंपन्यांना देण्यावर सरकारचे निर्बंध आहेत. तिथे सगळे नेव्हर किंवा काकाओचा नकाशा वापरतात. त्यात रोमन लिपीत शोधलं की कधी सापडतं, कधी नाही. कोरियन लिपीत शोधलं की लगेच सापडतं.

राजा सेजोंगने ही लिपी १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये प्रसिद्ध केली. व्यंजनांचे आकार जीभ, दात, ओठ, घसा उच्चाराच्या वेळी कसे असतात त्यावरून घेतलेत. आईला हे कळलं तेव्हा तिने लगेच पाटी मागितली. तालव्य, दंत्य, ओष्ठ्य हे वर्गीकरण आपण शाळेतच शिकतो, त्यामुळे तिला ते परकं वाटलंच नाही. अक्षरंही आपल्यासारखी, व्यंजनाला स्वर जोडून एकेक गट. चार रविवारांत आई स्टेशनांची नावं वाचायला लागली. हळू, बोट ठेवून, पण वाचायला लागली.

मग भाचीने यादी दोन रकान्यांत केली: कोरियन लिपी आणि देवनागरी. रोमन मुद्दाम गाळलं. त्यांचा एक स्वर आपल्या "डॉक्टर"मधल्या ऑसारखा आहे. रोमनमध्ये तो दोन अक्षरांनी लिहितात आणि वाचणारा "इओ" म्हणतो. देवनागरीत "सॉम्यॉन", "ग्यॉंगजू" लिहिलं की टॅक्सीवाल्याला पहिल्याच वेळी कळतं. आम्ही रोज तो अनुभव घेतला.

आईचं जेवण

सगळ्यात जास्त वेळ यावर गेला. आई मांस-मासे खात नाही. बुसान म्हणजे मासळीचं गाव. तिथलं नावाजलेलं जेवण म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्शातला भात, नाहीतर माशाच्या कुटाची वडी. साध्या दिसणाऱ्या भाजीच्या सूपातही सुक्या माशांचं पाणी असतं आणि किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, कारण मासा हे तिथे अनेकांच्या लेखी मांसात मोजतच नाहीत. भाचीने एका कार्डावर कोरियनमध्ये स्पष्ट लिहून घेतलं: मांस, मासे, माशाचा रस्सा, माशाचं खारं पाणी, काहीही नको. ते कार्ड रोज दाखवलं. दोन ठिकाणी नम्रपणे नाही म्हणाले, आणि मला ते आवडलं. नाही म्हणता आलं म्हणजे वाचून समजून घेतलं.

आधार दोन गोष्टींचा झाला. एक, सोबत नेलेलं मेतकूट, भाजणी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू. ताजी फळं, भाज्या, मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, ते पाहूनच बांधलं. तिथल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात शिजवलेला भात वाटीत बंद करून मिळतो. दुकानातच मायक्रोवेव्ह असतो, दोन मिनिटांत गरम होतो. मऊ, थोडा चिकट, आपल्या आंबेमोहराची आठवण करून देणारा. त्यावर मेतकूट. आईचा सकाळचा नाश्ता सातही दिवस हाच.

दुसरा आधार बौद्ध देवळांच्या स्वयंपाकाचा. तो अर्थातच शाकाहारी, पण त्याहून पुढे, त्यात कांदा, लसूण, पातीचा कांदा अशा उग्र वासाच्या पाच गोष्टी वर्ज्य. कारण काय सांगतात, तर त्यांनी मन चाळवतं, ध्यान लागत नाही. आई चातुर्मासात कांदा-लसूण सोडते. तिने हे वाचून दाखवायला लावलं, दोनदा. थोंगदोसा या बौद्ध देवळाचा दिवस तिने तेव्हाच पक्का केला.

प्रत्यक्षात

पहिला दिवस झोपेत गेला, तसा तो जाऊ दिलाच होता. संध्याकाळी प्रवासाची कार्डं घेतली. ती भरायला यंत्राला रोख पैसेच लागतात, हे माहीत होतं म्हणून विमानतळावरच थोडे वॉन काढून ठेवले होते.

शनिवार माझ्या मते आखणीतला सगळ्यात चांगला दिवस. १ नंबरच्या लाइनवर नाम्फो, चागाल्छी, थोसॉंग अशी स्टेशनं ओळीने येतात, आणि उलट्या क्रमाने, म्हणजे उंचावरून समुद्राकडे उतरत येणं हे आईच्या गुडघ्यासाठी नव्हे, पण तिच्या दमासाठी बरं होतं. थोसॉंगला उतरून तात्पुरत्या राजधानीचं स्मारक बघितलं. १९५० साली उत्तर आणि दक्षिण कोरियात युद्ध पेटलं, सोल पडलं आणि दक्षिण कोरियाचं सरकार बुसानला आलं. युद्धाच्या बहुतेक काळात राजधानी इथेच होती आणि राष्ट्राध्यक्ष या विटांच्या घरात राहत होते. त्याच काळात उत्तरेतून लाखो निर्वासित या शहरात शिरले. राहायला सपाट जागा उरली नाही तेव्हा माणसं डोंगरावर चढली.

छोट्या मिनीबसने आम्ही आमिदोंगला गेलो. इथे जपानी अमलातली दफनभूमी होती. निर्वासितांनी तिच्यावरच घरं बांधली आणि थडग्यांचे दगड पायाला, पायऱ्यांना वापरले. आजही घरांच्या तळाशी कोरीव अक्षरांचे दगड दिसतात, त्यावर गॅसची टाकी, कुंडी, चपला. लोक राहताहेत, म्हणून आम्ही हळू आवाजात बोलत चाललो, फोटो काढले नाहीत. पुढे गामछॉन. तेही असंच डोंगरउतारावरचं गरिबांचं गाव. २००९ पासून कलाकारांनी आणि रहिवाशांनी मिळून रंगवलं, आता तिथे रांगा लागतात. भाचीला गामछॉन आवडलं. आई आमिदोंगमधून निघायला तयार नव्हती.

इथेच माझी आखणी चुकली. नेव्हरच्या नकाशात अंतर दिसतं, जिने मी धरलेच नव्हते. गामछॉनमधली सातशे मीटरची वाट म्हणजे दीडशेच्या वर पायऱ्या निघाल्या, बऱ्याचशा उतरायच्या. आई अर्ध्यात भिंतीला धरून उभी राहिली. मी घाबरले. शेजारच्या घरातल्या आजीबाईंनी काही न बोलता प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. वीस मिनिटं आम्ही तिथे बसलो. नंतर वरच्याच रस्त्यावर परत येऊन बसने खाली गेलो. त्या रात्री मी वहीतल्या उरलेल्या प्रत्येक ठिकाणापुढे "पायऱ्या?" असा रकाना घातला आणि भाचीने रस्त्याचे फोटो बघून तो भरला. हे आधीच करायला हवं होतं.

तरी दोन वाजता यॉंगदोच्या पुलापाशी पोचलो. १९३४ मधला पूल. १९६६ नंतर उचलणं बंद झालं होतं, दुरुस्तीनंतर २०१३ पासून पुन्हा सुरू झालं. भोंगा वाजतो, वाहतूक थांबते आणि रस्त्याचा एक तुकडा, त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसकट, सावकाश आकाशाकडे उभा राहतो. युद्धात ताटातूट होताना लोक एकमेकांना सांगत, बुसानला पोच, यॉंगदोच्या पुलावर भेटू. सगळ्यांना माहीत असलेली तेवढी एकच खूण होती. पुलाच्या कठड्यावर नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या लटकायच्या. आई पूल पूर्ण खाली येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "फाळणीनंतर स्टेशनांवर अशाच चिठ्ठ्या लावत."

चागाल्छीत बाजाराची हाक बुसानी बोलीत लिहिलेली आहे, "ओइसो, बोइसो, साइसो": या, बघा, घ्या. मासळी विकणाऱ्या बायका रबरी बूट घालून, मोठ्या आवाजात. नवरे युद्धात गेलेल्या बायकांनी हा बाजार उभा केला, असं तिथे सांगतात. आई मासे खात नाही, पण ती एका ओट्यापाशी बराच वेळ उभी राहून मासा साफ करणारे हात बघत होती. जवळच्या रस्त्यावर बिया आणि साखर भरलेली गोड पोळी मिळते, तव्यावर तळतात. ती तिने पूर्ण खाल्ली.

ग्वांगाल्लीचे ड्रोन त्या रात्री सोडून दिले. कार्यक्रमात होते, पण आई दमली होती.

रविवारी किनारा. भाचीला हेउन्देहून निघणारी ती छोटी रंगीत डब्यांची, उंच रुळांवरची गाडी हवी होती. मी आरक्षण शेवटावर ठेवलं होतं आणि हव्या त्या वेळा संपल्या होत्या. ती नाराज झाली, आणि तिचं बरोबर होतं. त्याऐवजी खालून, जुन्या रेल्वेच्या मार्गावरून समुद्राच्या कडेने जाणारी गाडी घेतली. तिच्यात सगळी बाकं समुद्राकडे तोंड करून आहेत. मला विचाराल तर ज्येष्ठांना हीच सोयीची. पुढे हेदोंग योंगगुंगसा, समुद्राच्या खडकांवरचं देऊळ, मूळ स्थापना १३७६ ची. तिथे खाली उतरायला १०८ पायऱ्या आहेत. "पायऱ्या?" रकान्यामुळे कळलं होतं. आईने वरूनच समुद्र आणि छपरं बघितली, भाची आणि मी आळीपाळीने खाली गेलो.

ग्यॉंगजू

ग्यॉंगजूबद्दल जुनी माहिती वापरू नका. जुनं, गावातलं रेल्वे स्टेशन २०२१ च्या शेवटी बंद झालं. गावाबाहेरच्या वेगवान रेल्वेच्या स्टेशनाला आता ग्यॉंगजू हेच नाव दिलंय. रेल्वेने बुसानहून अर्ध्या तासात पोचाल, पण गावात यायला पुन्हा बस. त्यापेक्षा नोपोहून बस घ्या. तासाभरात ती गावातल्या बसस्थानकावर सोडते आणि तिथून राजांच्या समाध्या चालत जाण्यासारख्या.

सिल्ला राज्याची ही जवळजवळ हजार वर्षांची राजधानी. बहुतेक जण बुसानहून एका दिवसात जाऊन येतात. आम्ही एक रात्र राहिलो, मोठ्या बॅगा सॉम्यॉनलाच ठेवल्या. त्या एका रात्रीसाठी बुसानच्या खोलीचं भाडं दुप्पट पडल्यासारखं झालं, पण वॉलजीचं तळं रात्रीच बघायचं असतं. दिव्यांत न्हालेल्या महालाचं प्रतिबिंब पाण्यात इतकं स्थिर की वर कुठलं, खाली कुठलं कळू नये. आणि समाध्या संध्याकाळी बघाव्यात. गवताच्या प्रचंड हिरव्या टेकड्या, मध्ये घरं, शाळेतून परतणारी मुलं. छॉम्सॉंगदे म्हणजे सातव्या शतकातली वेधशाळा, नऊ मीटरच्या आसपास उंच, बाटलीसारख्या आकाराची. राणी सॉन्दॉकच्या काळातली. राणीने राज्य केलं, हे आईने भाचीला तिथे दोनदा सांगितलं.

मंगळवारी पाऊस. सॉक्कुराम या बुद्धाच्या गुहेसाठी बुल्गुक्सा देवळापासून डोंगरावर बस जाते, तासाला साधारण एक. ती चुकली तर दिवस कोलमडतो, म्हणून आम्ही आधी वरती गेलो. बसथांब्यापासून गुहेपर्यंतची वाट झाडीतून, जवळजवळ सपाट. त्या पावसात, धुक्यात, तीन माणसं आणि एक भिक्षू.

आत काचेपलीकडे ग्रॅनाइटचा बुद्ध, साडेतीन मीटरच्या आसपास उंच, उजवा हात भूमीला टेकवलेला. आई आयुष्यात अजिंठ्याला सात वेळा मुलांना घेऊन गेलेली. ती छताकडे बघत राहिली आणि कुजबुजली, "हे कोरलेलं नाही. हे बांधलंय." खरंच तसं आहे. आपल्याकडे बेसॉल्ट, आतून कोरत जाता येतो. त्यांचा ग्रॅनाइट इतका कठीण की त्यांनी शिळा घडवून, घुमट रचून, वर माती घालून गुहा तयार केली. आठव्या शतकात. ज्या कल्पनेचा उगम आपल्या डोंगरांत, ती तिकडे पोचताना दगड बदलला म्हणून पद्धत बदलली. बुसानपासून दोन तासांवर उभं राहून आई हे आम्हाला समजावून सांगत होती, आणि मला तिच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. फोटो काढायला तिथे मनाई आहे. बरं आहे.

एक चांगली गोष्ट: बुल्गुक्सा, सॉक्कुराम, थोंगदोसा अशा अनेक मोठ्या देवळांचं प्रवेशशुल्क २०२३ च्या मे महिन्यापासून बंद झालंय. जुन्या हिशेबात आम्ही ते धरलं होतं, त्या पैशांत आईने बुल्गुक्साच्या दुकानातून पितळेची छोटी घंटा घेतली.

थोंगदोसा आणि गिम्हे

बुधवार. नोपोहून पुन्हा बस, अर्धा तास. दारापासून देवळापर्यंत ओढ्याकाठी वाकड्यातिकड्या पाइन वृक्षांची वाट, सपाट. ६४६ मधलं हे देऊळ. मुख्य सभागृहात मूर्तीच नाही. मूर्तीच्या जागी मागची बाजू मोकळी, आणि त्यातून दिसतो तो बुद्धाच्या अस्थी ठेवलेला दगडी चौथरा. साक्षात तेच आहेत तर मूर्ती कशाला, असा विचार. मागच्या डोंगराचं नाव यॉंगछुक, म्हणजे बुद्धाने जिथे उपदेश केला तो आपला राजगीरचा गृध्रकूट. आई पंचवीस वर्षांपूर्वी शिक्षकांच्या सहलीत राजगीरला गेली होती. ती चौथऱ्याकडे तोंड करून बसली आणि आम्ही तिला उठवलं नाही. चाळीस मिनिटं. वहीत त्या जागेला वीस मिनिटं लिहिली होती.

देवळाच्या दाराजवळच्या खानावळीत रानभाज्यांचा भात खाल्ला. सात-आठ प्रकारच्या पालेभाज्या, कोंब, मुळं, तिळाचं तेल. कार्ड दाखवल्यावर मालकीणबाईंनी आईसाठी सूप न देता गरम पाणी आणि वेगळी चटणी दिली.

गुरुवार आम्ही कोरा ठेवला होता. व्हिसाच्या कागदावर काहीतरी लिहावं लागलं म्हणून "शहरात फेरफटका" लिहिलं. सकाळी आईनेच सांगितलं, संयुक्त राष्ट्रांच्या स्मशानभूमीत जाऊ. दे-यॉन स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. १९५१ पासूनची ही जागा, युद्धात लढायला आलेल्या अनेक देशांचे सैनिक इथे आहेत. हिरवळीवर गुलाबांच्या रांगा. एक बारीकसा पाण्याचा पाट आहे, त्याला सतरा वर्षांच्या ऑस्ट्रेलियन सैनिकाचं नाव दिलंय, इथे पुरलेल्यांत सगळ्यात लहान. भाचीचं वय अठरा. ती त्या पाटाच्या काठाने हळू चालली.

भारताने या युद्धात लढणारी फौज पाठवली नाही, वैद्यकीय पथक पाठवलं. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखालचं ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, नोव्हेंबर १९५० मध्ये याच बंदरात उतरलं. आणि युद्धविराम झाल्यावर कैद्यांची जबाबदारी घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. आईला हे पाठ होतं. तिने ते सगळं, तारखांसह, भाचीला त्या हिरवळीवर सांगितलं.

शेवटचा शुक्रवार. बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून सासांगहून दोन डब्यांची, चालक नसलेली गाडी घेतली. ती विमानतळावरून पुढे गिम्हे गावात जाते. राजा सुरोच्या समाधीच्या दारावर समोरासमोर दोन मासे रंगवलेत. आईने फोटोत बघितले होते, तरी तिने मान उंच करून ते शोधले.

तेराव्या शतकातल्या सामगुक युसा या ग्रंथात कथा आहे: इ. स. ४८ मध्ये अयुता देशाची सोळा वर्षांची राजकन्या समुद्रातून आली, राजा सुरोशी तिचं लग्न झालं, ती राणी हॉ ह्वांग-ओक. अयुता म्हणजे अयोध्याच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. घटना आणि लेखन यांच्यात बाराशे वर्षांचं अंतर. मी ते आईला आठवण करून दिलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे गं. पुरावा वेगळा, आणि लोकांनी इतकी वर्षं जपलेलं वेगळं. दोन्ही बघायला आलेय."

राणीची समाधी थोडी पुढे, एका उतारावर. शेजारी छपराखाली लालसर दगडांचा लहानसा, ओबडधोबड मनोरा आहे. समुद्र खवळला म्हणून राजकन्येने जहाज स्थिर ठेवायला हे दगड सोबत आणले, असं म्हणतात. कठड्यापलीकडून आईने बराच वेळ बघितलं. माहितीफलकावर कोरियनमध्ये काही ओळी होत्या. भाची पुढे झाली, पण आईने तिला हाताने थांबवलं आणि बोट ठेवून स्वतः वाचायला लागली. पहिला शब्द लागायला मिनिटभर गेलं. "फा-सा-सॉक-थाप." मग पुढची ओळ. विमानाला साडेचार तास होते, आणि वहीत त्या जागेपुढे मी वेळ लिहिलीच नव्हती.